सक्तीची निर्भयता

२ फेब्रुवारी, सोमवार

आज नोकरी लागली. मला. परत वाचून पाहिलं, बरोबरच लिहिलंय.

पद : प्रकल्प सहायक, छळ व भेदभाव प्रतिबंध केंद्र. मुदत तीन महिने. केंद्र म्हणजे विद्यापीठाच्या जिमखान्यामागची एक खोली, एक पंखा, वेलिविट मॅडम आणि आता मी. विद्यापीठ प्रवेशाच्या ए-लेव्हल परीक्षेत दोनदा आपटल्यापासून हा दिलुक (म्हणजे मी) ज्या गेटवरून बसमध्ये मान वळवून जायचा, त्याच गेटातून आता गळ्यात ओळखपत्र घालून आत. वॉचमनने सलाम केला. मागून डीनची गाडी येत होती, पण सलाम आधी मला लागला.

मॅडमनी विचारलं, अनुभव काय? म्हटलं, हिक्कडुवाला सर्फबोर्डं भाड्याने दिली, त्रिंकोमालीला देवमासे दाखवायच्या बोटीवर होतो, मग नुवरएलियाला स्ट्रॉबेरी, मग दीड वर्ष पथनाट्य. त्या म्हणाल्या, म्हणजे कुठेच टिकला नाहीत. म्हटलं, म्हणजे सगळीकडच्या लोकांशी जमतं. त्या म्हणाल्या, पुढच्या सोमवारी नवी बॅच येतेय आणि दुसरं कुणी मिळत नाहीये. यालाच मेरिट म्हणतात.

ठराव : उद्यापासून पहाटे पाचला उठणे. तमिळ शिकणे. सिगरेट बंद. रॅगिंग बंद. (क्रम बदलू शकतो.)

३ फेब्रुवारी

नऊला उठलो. पण एकदम ताजातवाना. पाचला उठलेला माणूस नऊला इतका ताजा नसतो.

तमिळचं पुस्तक आणायला खाली शहरात गेलो. माउथ ऑर्गन घेऊन आलो. पुस्तकांच्या दुकानासमोरच होता. संगीताला भाषा नसते, म्हणजे एका अर्थी तमिळची सुरुवात झालीच.

४ फेब्रुवारी

श्रीलंकेचा स्वातंत्र्यदिन. सुट्टी. ठरावांनाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

नवी बॅच आली. गळ्यात शिट्टी अडकवून मी मोक्याच्या जागी उभा.

सीनियर लोकांचे नियम दुपारपर्यंत लागू झालेसुद्धा. मुलांनी रबरी चपला, शर्टाचं वरचं बटण बंद. मुलींनी दोन वेण्या, पायघोळ फ्रॉक. मान खाली. सीनियर मुलाला अय्या, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचं, मुलीला अक्का. प्रत्येकाला एक ‘कार्ड’, म्हणजे सीनियरनी ठेवलेलं नाव. आईबापांनी ठेवलेलं नाव वर्षभर बंद.

एक फ्रेशर माझ्यासमोर थांबला आणि कमरेत वाकून म्हणाला, गुड मॉर्निंग अय्या. त्याला तिथल्या तिथे सांगणार होतो की बाळा, याची गरज नाही, मी तर शिकायलासुद्धा नव्हतो इथे. पण बोलणाऱ्याला मध्येच तोडणं बरं दिसत नाही. तो बोलून झाल्यावर सांगणार, तेवढ्यात त्याने परत म्हटलं. लोकांना जे ऐकायला एक वर्ष मान खाली घालून काढावं लागतं, ते मला पहिल्याच सकाळी. छातीत काहीतरी गरम झालं. चहा असेल.

कँटीनमध्ये एक मुलगी पाहिली. याळिनी. उत्तरेकडच्या मन्नारची, तमिळ. तिला प्रगीतने अडवलं. हा तिसऱ्या वर्षाचा, युनियनचा माणूस, सगळे याला विचारून शिंकतात. कुठली गं? ती म्हणाली, मन्नार. तो म्हणाला, तेच ते, जाफ्ना. ती म्हणाली, नाही अय्या, जाफ्ना आणखी वर आहे. तो म्हणाला, आम्हाला इथून सगळं वरच दिसतं. कार्ड पडलं : रेडिओ जाफ्ना. आता ती दिसली की कुणीही ओरडायचं, ए रेडिओ, बातम्या लाव! मग तिने उभं राहून सिंहलीत बातम्या द्यायच्या. उच्चार चुकला की पहिल्यापासून. आज चार वेळा पहिल्यापासून झाल्या. अख्खं कँटीन हसलं.

मी नाही हसलो. नुसतं स्मित केलं, दोन्ही बाजूंना समान.

ठराव : जाफ्न्याच्या या मुलीला न्याय मिळवून देणे.

१० फेब्रुवारी

शत्रूची आतली माहिती काढायची म्हणून प्रगीतला गाठलं. त्याने मला चहा आणि माशाचा बन दिला. मला अय्या म्हणाला! तिसऱ्या वर्षाचा मुलगा! मुळात वाईट नाही तो.

माहिती काढण्याचं तंत्र असं की आधी आपण थोडी द्यायची. दोन बनांमध्ये आपली सगळी योजना सांगून झाली. फार लक्ष देऊन ऐकत होता. गुप्त तक्रारपेटी कुठे लावणार, हेसुद्धा त्याने स्वतःहून विचारलं. युनियनच्या टेबलासमोरच लावा अय्या, म्हणाला, सगळ्यांना दिसली पाहिजे. इतका जिज्ञासू मुलगा हल्ली क्वचित दिसतो.

१२ फेब्रुवारी

पेटी लावून दोन दिवस झाले. एकही तक्रार नाही. बनाचा कागद आणि एक पाल निघाली. म्हणजे रॅगिंग आटोक्यात येतंय. मॅडमना तसं कळवलं.

मॅडम म्हणाल्या, तीस सीनियरच्या डोळ्यांसमोर जाऊन कोण चिठ्ठी टाकणार? इथे तोंड उघडणारा ‘अलया’ ठरतो, माहितीय ना? म्हटलं, वा, माहीत नसायला काय झालं. मग त्यांनीच सांगितलं. एकदा अलया ठरलं की चार वर्षं शेजारी कुणी बसत नाही, नोट्स कुणी देत नाही, परीक्षेआधी सीनियर शिकवण्या घेतात त्यांना बोलावणं नाही. गेल्या वर्षी एक मुलगा सामान उचलून कायमचा घरी गेला.

मग दार लावून म्हणाल्या, याळिनी काल माझ्याकडे येऊन रडून गेली. हे असंच चाललं तर सत्तावीस तारखेच्या शुक्रवारी ती मन्नारच्या बसमध्ये बसणार, परत यायचं नाही. बाप मच्छीमार. त्यांच्या शाळेतून विज्ञान शाखेला आलेली ही पहिलीच मुलगी. ही परत गेली तर पुढच्या मुलीला घरातून कोण सोडणार? तिने जबाब दिला तर चौकशी कमिटीला कारवाई करता येईल, पण जबाब दिला की ती अलया. म्हणून गप्प आहे. मी तिला समजावतेय हळूहळू. तुम्ही एकच करा. तिच्याबद्दल कुठे म्हणजे कुठे बोलू नका.

म्हटलं, मॅडम, निश्चिंत असा. माझ्या पोटात काही टिकत नाही असं आई म्हणायची, पण ते जेवणाबद्दल.

१३ फेब्रुवारी

माउथ ऑर्गन वाजवताना कल्पना सुचली. निर्भयता वर्ग! सीनियर लोक फ्रेशरना सकाळी सहाला मैदानावर बोलावतात. आपण साडेपाचला बोलवायचं. त्यांच्या हाती पडायच्या आत मुलं निर्भय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पहिला वर्ग. मला पोचायला जरा उशीर झाला (सहा), पण मुलं रांगेत उभी होती. धुकं, थंडी, सगळ्यांच्या माना खाली. प्रगीतने हॉस्टेलवर निरोप फिरवला होता म्हणे, की जो जाणार नाही त्याला बघून घेतो. माझा याच्याबद्दलचा अंदाज चुकत नाही.

मी म्हटलं, कुणालाही घाबरायचं नाही. सगळे म्हणाले, हो अय्या. म्हटलं, ऐकू नाही आलं. तेव्हा डोंगरावरून आवाज परत आला.

मग हक्क पाठ करून घेतले. तुम्हाला पहाटे उठवण्याचा, रांगेत उभं करण्याचा, पाठांतर करायला लावण्याचा अधिकार कुणालाही नाही. हे वाक्य जो अडखळला त्याला पहिल्यापासून. मातरचा सचिर नावाचा एक मुलगा उभ्या उभ्या झोपला आणि आडवा झाला. त्याला मैदानाची एक फेरी मारायला लावली. झोप उडावी म्हणून, शिक्षा नव्हे. शिक्षेच्या मी विरोधात आहे.

याळिनीने हात वर केला. सर, हे नियम तमिळमध्ये मिळतील का? किंवा इंग्लिशमध्ये? मी सर्वांसमोर स्पष्ट केलं की इथे भेदभाव चालणार नाही, एकीला वेगळं आणि बाकीच्यांना वेगळं असं होणार नाही, सगळ्यांना समान सिंहली. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. भारावली असणार.

फक्त ते ‘सर’ खटकलं. बाकी सगळे अय्या म्हणतात.

१७ फेब्रुवारी

प्रगीत हाताची घडी घालून वर्ग बघायला आला. शेवटी जवळ येऊन म्हणाला, खरं सांगू अय्या, आम्ही एवढं नाही हो करत. सुधारणेची पहिली खूण! जाताना शिट्टी उसनी मागितली. दिली.

१८ फेब्रुवारी

वर्गाला उठता आलं नाही. मुलं साडेसहापर्यंत उभी होती असं कळलं. शिस्त लागतेय.

दिवसभर पोस्टरं चिकटवली. वर मोठ्या अक्षरात सिंहली, खाली वेगळ्या कागदावर तमिळ. भेदभाव नको म्हणून तमिळ मी स्वतः फोनवरून काढलं. संध्याकाळी बघतो तर याळिनी ग्रंथालयाजवळचं एक पोस्टर सोडवत होती. ओरडणार होतो. तमिळ अर्धा भाग मी उलटा लावला होता. तिने तो सुलटा करून परत चिकटवला. वाचायला आणखी कुणी येणार असल्यासारखा नीट, कोपरे दाबून.

विचारलं, आता कसं वाटतंय? वर्गाचा फायदा होतोय ना? म्हणाली, सर, मला घरी एक मोठा भाऊ आहे. तो मला पाचला उठवत नाही. म्हटलं, मग मलाही भाऊच समज. ती म्हणाली, तेच सांगतेय. मग पोस्टरकडेच बघत म्हणाली, मी वर्गातसुद्धा बोलायची बंद झालेय. लेक्चरर विचारतात, मला उत्तर येत असतं, पण तोंड उघडलं की मागून कुणीतरी म्हणेल बातम्या, म्हणून हात वर जात नाही. शाळेत मला गप्प बस म्हणून सांगायला लागायचं.

मला फार लागलं ते. खरंच लागलं. हे सगळ्या जगाला कळलं पाहिजे असं वाटलं.

(कुठे बोलायचं नाही, लक्षात आहे.)

१९ फेब्रुवारी

बोलायचं नाही. करून दाखवायचं! पथनाट्य! दीड वर्षाचा अनुभव आणि मी पोस्टरं कसली चिकटवत बसलोय.

२० फेब्रुवारी

संहिता तयार. गुप्तता शंभर टक्के. नायिकेचं नाव बदलून मालिनी केलं. गाव मन्नार नाही, ‘मन्नारजवळचं एक गाव’. बाप मच्छीमार नाही, नुसता ‘समुद्रावर जाणारा’. शेवटी शिट्टी वाजवत एक अनोळखी तरुण येतो आणि तिला सोडवतो. ती भूमिका मीच करणार, दुसऱ्या कुणाला झेपायची नाही. एकूण चार पानं. पैकी तरुणाचं भाषण तीन.

मॅडमना दाखवायला गेलो होतो. त्या मीटिंगमध्ये होत्या. दाराबाहेर जवळजवळ पाच मिनिटं थांबलो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पात्रं निर्भयता वर्गातून घेतली. पूर्ण स्वेच्छेने. ज्यांनी स्वेच्छा दाखवली नाही त्यांची नावं लिहून घेतली, मग त्यांनीही दाखवली. सचिर झाडाचं काम करतोय. उभ्या उभ्या झोपला तरी चालेल.

शिट्टी प्रगीतकडून परत आणली. म्हणाला, मला पुढच्या रांगेत जागा ठेवा.

२५ फेब्रुवारी, बुधवार

प्रयोग झाला. कँटीनच्या अंगणात, ऐन जेवणाच्या वेळी. तुडुंब गर्दी. छपरावर माकडं.

मालिनी दोन वेण्या घालून आली आणि पहिलंच वाक्य बोलली, तर मागून कुणीतरी ओरडलं, रेडिओ! मग सगळीकडून रेडिओ, रेडिओ. प्रेक्षक इतक्या लवकर समरस झालेले मी कधी पाहिले नाहीत. मी झाडामागून वाकून अभिवादन केलं.

कोपऱ्यातल्या टेबलावरून याळिनी उठली. भात तसाच टाकून निघून गेली. मला दिसलं ते. पण माझं भाषण सुरू झालं होतं.

टाळ्या खूप. सर्वात जास्त प्रगीतच्या. नंतर खांद्यावर हात टाकून म्हणाला, बरं झालं अय्या, कोण जाऊन सांगतंय ते आता कळलं.

म्हटलं, म्हणजे काय?

म्हणाला, काही नाही, छान झालं नाटक.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कँटीनमध्ये ती एका टेबलावर, बाकीच्या सात खुर्च्या रिकाम्या. पलीकडे मुलं ताटं हातात धरून उभ्याने जेवत होती, पण तिथे बसत नव्हती. तिच्याच खोलीतल्या मुलींनी आंघोळीच्या बादल्या दुसऱ्या नळावर नेल्या म्हणे. आज तिला कुणी बातम्या मागितल्या नाहीत. आज तिला कुणी काहीच म्हटलं नाही. ती अलया ठरली. जबाबाचा एक शब्द न देता.

मी चहा घेऊन तिच्या टेबलाकडे गेलो. तिने मान वर न करता म्हटलं, सर, प्लीज नको.

मॅडमनी बोलावलं. मी आत शिरतानाच म्हटलं, मी नाव घेतलेलं नाही. त्या म्हणाल्या, खरंय. नाव नाही घेतलंत. गाव सांगितलंत, बापाचा धंदा सांगितलात. ओळखपत्राचा नंबर तेवढा राहिला.

मग फाइल उघडून वाचत बसल्या. मी उभा होतो हे पंख्याला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

ठराव : उद्या तिला बसस्टँडवर गाठायचं. जाऊ द्यायचं नाही. कँटीनमधल्या आचाऱ्याकडून तमिळ वाक्य पाठ केलं. ‘पोगादींग.’ जाऊ नका.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी मन्नारची बस. मी खरोखर वेळेआधी पोचलो. आयुष्यात पहिल्यांदा. फलाटावर उभा राहून मनात भाषण घोळवत होतो. भाषण म्हणजे तेच एक वाक्य, पण वेगवेगळ्या तऱ्हेने.

समोर भजीवाल्याच्या टीव्हीवर मॅच होती. शेवटचं षटक, अकरा रन हवे होते. एक षटक म्हणजे किती वेळ? दुसऱ्याच चेंडूला सिक्स.

वळलो तर बस फाटकातून बाहेर पडत होती. धावलो. पोगादींग, पोगादींग म्हणून ओरडत अख्ख्या स्टँडमधून धावलो. मागच्या काचेतून एका म्हाताऱ्याने हात हलवून निरोप दिला. बस वळली.

मॅच हरलो.

ती गेली. माझ्यामुळे गेली. या वाक्यात एक ‘पण’ घालायला मघापासून जागा शोधतोय. मिळत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

राजीनामा द्यायला केंद्रात गेलो. मॅडम म्हणाल्या, काल होतात कुठे? कमिटी बसली होती, तुम्हालाही बोलावणं होतं. म्हटलं, बसस्टँडवर, तिला थांबवायला. म्हणाल्या, कुणाला? याळिनीला? ती दुपारभर याच खुर्चीत होती.

गेलीच नाही! जबाब दिला! तमिळमधून, दुभाषी बसवून. कोण, काय, कुठे, सगळ्यांची नावं. प्रगीत आणि आणखी दोघांना चौकशी होईपर्यंत कॅम्पसबंदी.

विचारलं, एकदम कशी तयार झाली? मॅडम म्हणाल्या, ती म्हणाली, अलया ठरू नये म्हणून गप्प होते. आता ठरलेच आहे, तर गप्प कशासाठी बसू?

म्हटलं, म्हणजे नाटकाचा परिणाम झालाच की!

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. घातला. मग म्हणाल्या, जबाबात तुमचंही नाव आहे. तिने सांगितलंय की इथे फ्रेशरचा छळ दोन ठिकाणी चालतो. एक सहाला, एक साडेपाचला. सहाच्या छळात निदान रोज सगळे वेळेवर यायचे.

कमिटीने दोन्ही बंद केले.

२ मार्च, सोमवार

राजीनामा द्यायची गरज उरली नाही. त्यांनीच पत्र दिलं.

कँटीनमध्ये गेलो. याळिनीच्या टेबलावर आता चौघं. सचिर, तिच्या वर्गातल्या दोन मुली, ती. त्या तिघांनीही शनिवारी जबाब दिला, त्यामुळे आता चौघं अलया. वह्या पसरलेल्या, ती काहीतरी समजावून सांगत होती. मोडकं सिंहली, मोडकं इंग्लिश, हात भरपूर. सचिर म्हणाला, पुन्हा सांग, नाही कळलं. तिने पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून. कुणी हसलं नाही. एकदा ती स्वतःच हसली.

माफी मागायची होती. तमिळमधून मागावी असं वाटत होतं. पण मला एकच वाक्य येतं आणि ते इथे उपयोगाचं नव्हतं. मग सिंहलीतच म्हटलं, शुक्रवारी मी तुझ्यासाठी बसस्टँडवर खूप धावलो.

ती म्हणाली, कुणी सांगितलं होतं?

रागाने नाही. खरंच माहिती विचारल्यासारखं. उच्चार अगदी स्वच्छ होता.

म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, हो. आणि वहीचं पान उलटलं. मी खुर्ची ओढायला हात पुढे केला, तर सचिरने आपली बॅग त्या खुर्चीवर ठेवली. हळूच, बॅगेला दमल्यासारखं झालं असावं तशी. मला एक तातडीचं काम आठवलं.

३ मार्च, मंगळवार

निघालो. पूर्वेला, अरुगम बेकडे. तिथे सर्फिंगचा सीझन लवकरच सुरू होतो (मेमध्ये). ठराव : नवी सुरुवात.

बसमध्ये शेजारी एक बाई, मांडीवर फणस. गेटापाशी चढताना पाहिलं असावं मला. म्हणाल्या, युनिव्हर्सिटीत असतोस का रे बाबा? माझी धाकटी यायचीय पुढच्या वर्षी. तिथे फार छळतात म्हणे पोरांना. तू काय करायचास तिथे?

म्हटलं, तेच. छळ थांबवायचं खातं.

बाई खूश झाल्या. फणस सावरून माझ्याकडे वळल्या. मग, थांबला का?

म्हटलं, थांबेल आता. मी आजच निघालोय.